बुद्धिबळाच्या चौकटी मोडल्या तेव्हा

बुद्धिबळाचा पट मांडला की दोन सेना समोरासमोर उभ्या राहतात. सोळा मोहरे इकडे, सोळा तिकडे, आणि मध्ये चौसष्ट घरांची सपाट भूमी. तिच्यात नदी नाही, डोंगर नाही, पावसाळ्यातला चिखल नाही. प्रतिपक्षाचा हत्ती कोठे दबा धरून बसला आहे, हे हेर पाठवून काढावे लागत नाही. तो डोळ्यांसमोर उभा असतो. घोड्याने प्याद्यावर झेप घेतली की प्यादे मरते. ते अर्धे मरत नाही, जखमी होऊन मागे हटत नाही, की उलटून घोड्यालाच लोळवीत नाही. मेलेला मोहरा पटाबाहेर जातो आणि तो गुपचूप उचलून कोणी पुन्हा घरात ठेवू लागला, तर शेजारी बसलेले लहान मूलही त्याचा हात धरते.

हा रोखठोकपणा हेच बुद्धिबळाचे सौंदर्य होय, आणि युद्धाचे चित्र या दृष्टीने पाहिले तर हीच त्याची उणीव होय. ती उणीव दूर करण्यासाठी युरोपात काही माणसांनी या जुन्या खेळाच्या चौकटी एकामागून एक मोडल्या. त्यातून नकाशावरील व मेजावरील युद्धक्रीडा जन्मास आली. शिशाच्या शिपायांच्या लुटुपुटीच्या मोहिमाही तिच्यातूनच निघाल्या आणि देशोदेशींच्या सेनापतींचे शिक्षणही तिच्यातूनच झाले. प्रत्येक चौकट मोडताना खेळाला काही नवे मिळाले. मात्र निकालाचा तो रोखठोकपणा हळूहळू हातचा गेला, आणि त्याची किंमत पुढे एका आरमाराला कळून आली.

खेळ मूळचा आपल्या देशाचा. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे. म्हणून तो 'चतुरंग'. इराणात तो 'चतरंग' झाला, अरबांकडे 'शतरंज' झाला, आणि त्याच वाटेने फिरून आपल्याकडे येताना वजीर, प्यादे, शह, मात हे शब्द घेऊन आला. दक्षिणेत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या मनोविनोदांमध्ये या खेळाचे वर्णन आले आहे. सतराव्या शतकात काशी येथे नीलकंठभट्टांनी आपल्या 'नीतिमयूखा'त त्याला स्थान दिले. हे घराणे मूळचे पैठणचे. शिवराज्याभिषेकाचे आचार्य गागाभट्ट त्यातलेच. 'नीतिमयूख' हा राजनीतीवरचा ग्रंथ. राज्यकारभाराच्या विवेचनात एका पटावरच्या खेळाची दखल घ्यावी, यावरून राजकारण, रणनीती व बुद्धिबळ यांचे नाते आपल्या पंडितांनाही किती सहज वाटत होते हे दिसून येते.

पश्चिमेकडे गेलेली शाखा दहाव्या शतकाच्या सुमारास युरोपात पोचली. मध्ययुगीन सरदारांच्या वाड्यांत ती रुजली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजिराला व उंटाला आजच्या लांब चाली मिळाल्या. खेळ वेगवान झाला. परंतु रणभूमी होती तशीच राहिली. तोफा आल्या, बंदुका आल्या, किल्ल्यांचे तट बदलले, तरी पटावर अजून तीच चौसष्ट घरे होती. १६६४ मध्ये जर्मनीतील उल्म नगरात क्रिस्टोफ वाइकमान याने पट वाढवून व दर बाजूस तीस मोहरे देऊन एक मोठा 'राजाचा खेळ' रचला. तथापि मोहरे वाढल्याने युद्ध जवळ येत नाही. पट मोठा झाला, एवढेच.

खरा पहिला घाव घातला तो ब्राउनश्वाइगच्या एका गणितज्ञ अध्यापकाने. योहान हेल्विग हा पुढे कीटकशास्त्रज्ञ म्हणूनही नावाजला गेला. ड्यूकच्या दरबारी वाढणाऱ्या सरदारपुत्रांना शिकविण्याचे काम त्याच्याकडे होते. रणनीतीचे कोरडे नियम या मुलांच्या गळी कसे उतरवावेत, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १७८० मध्ये त्याने बुद्धिबळावर आधारलेला एक नवा खेळ प्रसिद्ध केला. बुद्धिबळ जाणणाऱ्याला तो लवकर कळावा म्हणून जुन्या चालींचे वळण त्याने शक्य तेथे राखले. घरे मात्र चौसष्टाची सोळाशेच्या वर गेली आणि प्रत्येक घराला रंग आला. पांढरे घर म्हणजे सपाट जमीन, निळे म्हणजे पाणी, हिरवे म्हणजे दलदल, तांबडे म्हणजे डोंगर. पायदळ, घोडदळ व तोफखाना अशी मोहऱ्यांची नवी वाटणी झाली. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे ज्याला शह द्यावयाचा तो राजाच नाहीसा झाला; त्याच्या जागी प्रतिपक्षाचा किल्ला आला. किल्ला पडला की डाव संपला.

भूमीला रंग मिळताच भूमी बोलू लागली. दलदलीजवळचे घोडदळ व मैदानातले घोडदळ ही यापुढे एक उरली नाहीत. १७९७ मध्ये गेओर्ग फेंटुरिनी या लष्करी लेखकाने हा विचार आणखी पुढे नेला. त्याच्या पटावर ३,६०० घरे होती आणि ती काल्पनिक प्रदेशाची नसून फ्रान्स व बेल्जियम यांच्या सीमेवरच्या खऱ्याखुऱ्या मुलखाची होती. ऋतुमान, रसदेचे तांडे, सैन्याबरोबर फिरणाऱ्या पावाच्या भट्ट्या, सारे त्याने खेळात आणले. येथे एका लढाईचा डाव मागे पडून मोहिमेचा डाव सुरू झाला. बुद्धिबळातील घोडा दाणावैरण मागत नाही. फेंटुरिनीच्या घोड्याला ती द्यावी लागे. त्यामुळे खेळ मात्र इतका बोजड झाला की खेळणारे थोडे आणि नियमांचे कौतुक करणारे फार, अशी अवस्था आली.

घरेच काढून टाकण्याचे धाडस केले ते एका मुलकी अधिकाऱ्याने. प्रशियाच्या ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे, गेओर्ग लेओपोल्ड फोन राइसविट्स हा सरकारी नोकरीत होता. तरुणपणी त्याला हेल्विगच्या खेळाने वेड लावले होते. त्याचा आक्षेप साधा होता. खरी नदी चौकोनांच्या कडेकडेने वाहत नाही आणि खरी पलटण घर मोजून चालत नाही. म्हणून त्याने वाळूत डोंगरदऱ्या उठविल्या, सैन्याच्या जागी ठोकळे मांडले आणि घरे मोजण्याऐवजी अंतर मापाने मोजण्यास आरंभ केला.

या नव्या खेळाची वार्ता प्रशियाच्या राजपुत्रांच्या कानी गेली आणि त्यांच्याकडून राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्याकडे पोचली. राजाने तो पाहण्याची इच्छा दर्शविली. पण राजापुढे वाळूची परात काय म्हणून ठेवावयाची? राइसविट्सला ते अनुचित वाटले. त्याने एक प्रशस्त मेज बनवून घेतले. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते, गावे दाखविणाऱ्या लहान लहान चौरस लाद्या हव्या तशा जुळवून नवनवे मुलूख उभारता येत. सैन्यासाठी चिनी मातीचे ठोकळे होते. सामान ठेवण्यास खण होते. १८१२ मध्ये हे मेज राजवाड्यात दाखल झाले आणि राजघराण्यातील मंडळी त्यावर लढाया लढू लागली. नेपोलियनने प्रशियाचे कंबरडे मोडले त्याला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. मेजावरच्या त्या लढायांकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे त्या घराण्याला शक्य नव्हते. पुढे जर्मन सम्राट झालेला राजपुत्र विल्हेल्म हा त्या मेजाभोवती रमणाऱ्यांपैकी एक होता.

तथापि राजवाड्यातले मेज छावणीत नेता येत नाही. हे काम राइसविट्सच्या मुलाने केले. धाकटा राइसविट्स तोफखान्यातील अधिकारी होता. १८२४ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या नियमांत मेजाच्या जागी १ : ८००० या प्रमाणाचा नकाशा आला, आणि तांबड्या व निळ्या रंगांच्या शिशाच्या लहान तुकड्यांनी दोन सेना दाखविल्या गेल्या. दर फेरी दोन मिनिटांच्या प्रत्यक्ष काळाएवढी मानली जाई. त्या अवधीत पायदळ जेवढे चालू शकेल तेवढेच त्याने चालावे. बंदुकीच्या व तोफेच्या माऱ्याचा परिणाम ठरविण्यासाठी सैन्याने केलेल्या प्रत्यक्ष चाचण्यांच्या आकड्यांचा आधार घेण्यात आला.

बुद्धिबळापासून खरी फारकत येथे झाली, आणि ती तीन गोष्टींनी झाली. पहिली गोष्ट म्हणजे फासे. अनुकूल परिस्थितीतला हल्लाही कधी फसतो आणि दुबळी तुकडीही कधी तग धरते, हे फाशांनी खेळात आणले. तुकडी एका फटक्यात नाहीशी न होता तिची थोडीथोडी हानी होऊ लागली. दुसरी गोष्ट म्हणजे अज्ञान. शत्रूची जी तुकडी दृष्टीच्या टप्प्यात नाही, ती नकाशावर मांडली जात नसे. सेनापतीने आपल्याजवळच्या तुटपुंज्या बातमीवर निर्णय घ्यावा आणि लेखी हुकूम काढावा. तिसरी गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही बाजूंचे हुकूम त्याच्या हाती जात. दोन्ही सेना त्यालाच दिसत. फासे टाकून हानी मोजणारा व निकाल सांगणारा तोच. बुद्धिबळाला पंचाची गरज नव्हती, कारण पटच साक्षीला होता. आता पट अंधारात गेला आणि सत्य एका माणसाच्या ओंजळीत आले.

राजपुत्र विल्हेल्मच्या शिफारशीवरून सेनेचा मुख्य कार्याधिकारी जनरल म्यूफ्लिंग हा खेळ पाहण्यास आला, तो काहीशा नाराजीनेच. अधिकाऱ्यांचा एक खेळ पाहण्यात वेळ का दवडावा, असा त्याचा भाव होता. नकाशा पसरला गेला, हुकूम निघू लागले, तुकड्या हलू लागल्या. तसतसा त्याचा चेहरा बदलत गेला. अखेरीस त्याने हा खेळ नसून युद्धाचे खरे शिक्षण आहे असा अभिप्राय दिला आणि सर्व सैन्याला त्याची शिफारस केली. ज्याने हे घडविले त्याच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. कीर्तीबरोबर मत्सर आला, बर्लिनहून दूर बदली झाली, आणि १८२७ मध्ये ऐन तिशीत धाकट्या राइसविट्सने आत्महत्या केली.

खेळ उरला. हेल्मुट फोन मोल्टके तरुणपणी तो आवडीने खेळे. सेनेचा प्रमुख झाल्यावर त्याने त्याला उत्तेजन दिले. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला नमविले, तेव्हा या विजयाचे मर्म शोधू पाहणाऱ्या इतर राष्ट्रांचे लक्ष या नकाशाच्या खेळाकडे वळले. याच सुमारास जर्मनीत एक वाद माजला. फासे, कोष्टके व आकडेमोड यांनी खेळ रेंगाळतो, अशी तक्रार होती. १८७६ मध्ये फेर्दी द्यू फेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचविले की कोष्टके बाजूस ठेवावीत आणि अनुभवी पंचाने आपल्या विवेकाने निकाल द्यावा. सूचना सोयीची होती आणि पुष्कळांना ती पटली. परंतु फाशाला बढतीची आशा नसते आणि वरिष्ठांची भीती नसते. पंचाला दोन्ही असू शकतात.

इकडे लष्करी खेळाचे लहान भावंड घराघरांत वाढत होते. १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दावोस येथे छातीच्या विकाराने जर्जर झालेला कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा आपला सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न याच्याबरोबर माळ्यावर शिशाच्या शिपायांची मोहीम लढवीत असे. जमिनीवर खडूने डोंगर, नद्या, पूल, चांगले व वाईट रस्ते काढलेले. दारूगोळा म्हणून छापखान्यातले खिळे गाड्यांत भरलेले. मोहिमेच्या बातम्या स्टीव्हन्सन स्वतःच काल्पनिक वृत्तपत्रांसाठी लिहून काढी. त्यातल्या एका पत्राच्या टीकाखोर संपादकाला 'जनरल ऑस्बर्न' याने फासावर चढविल्याचेही वृत्त त्यात आले. दुखण्याने अंथरुणाला खिळणारा तो लेखक या युद्धात मात्र पोटावर पालथा पडून तासन्‌तास लढे.

१९१३ मध्ये एच. जी. वेल्स याने 'लिटल वॉर्स' हे छोटे पुस्तक लिहून अशा खेळाला सुटसुटीत नियम दिले. स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेतून लाकडाची गोळी सुटावी, ती लागून जो शिपाई पडेल तो मेला. ठरलेल्या वेळात चाल पुरी करावी. गंमत सांगून झाल्यावर वेल्सने शेवटी गंभीर सूर लावला. ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती मेजावर भागवावी. खरे युद्ध हे माणसाच्या ऐपतीबाहेरचे आणि अकलेबाहेरचे आहे, हे लहान युद्ध खेळणाऱ्यालाच चांगले कळते, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. कोणी ऐकले नाही म्हणून वेल्सचे म्हणणे खोटे ठरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद पुन्हा बहरला. इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोन याचे या विषयावरील पुस्तक १९६२ मध्ये निघाले. अमेरिकेत १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन सैन्यांच्या लहान प्रतिकृतींसाठी 'चेनमेल' हे नियम रचले. मध्ययुगीन वाड्यातून निघालेला खेळ अशा रीतीने फिरून मध्ययुगीन शिलेदारांपाशी आला. १९७४ मध्ये गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. त्यात एक मोहरा म्हणजे पलटण नव्हे, तर एकच माणूस; त्याला नाव, स्वभाव व आयुष्य. मोहीम महिनोन्‌महिने चालते आणि तिचे सारे गुपित पंचाच्या हाती असते. धाकट्या राइसविट्सचा तोच पंच वेष पालटून आलेला आहे, हे खेळणाऱ्या मुलांना बहुधा ठाऊक नसते.

घरातल्या या खेळात मेलेला शिपाई पंचाने भिडेखातर जिवंत केला, तर फार तर एक संध्याकाळ बिघडते. आरमाराच्या खेळात तसे घडले तर काय होते, ते पाहण्यासाठी पुन्हा १९४२ सालाकडे वळावे लागते.

अमेरिकेच्या न्यूपोर्ट येथील नौयुद्ध महाविद्यालयात १८८७ पासून युद्धक्रीडेचे शिक्षण सुरू झाले होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात तेथील दालनात फरशीवर छोटी छोटी जहाजे मांडून पॅसिफिक महासागरातील युद्ध वर्षानुवर्षे खेळले गेले. तेथे शिकलेला नौसेनानी निमित्झ याने पुढे असे नमूद केले की, महायुद्धाच्या अखेरीचे आत्मघाती विमानहल्ले सोडले तर प्रत्यक्षात घडलेले फारसे काही त्या खेळात आधी येऊन गेले नव्हते असे नाही. जपानी आरमारही अशीच युद्धक्रीडा करी. मे १९४२ च्या आरंभी 'यामातो' या युद्धनौकेवर मिडवे बेटावरील नियोजित मोहिमेची रंगीत तालीम मेजावर झाली. डावात शत्रूच्या विमानांनी जपानच्या विमानवाहू जहाजांवर हल्ला केला. पंचाचे काम करणाऱ्या ओकुमिया याने फासे टाकले. नऊ बाँब लागले. 'अकागी' व 'कागा' ही दोन मोठी जहाजे बुडाली, असा निकाल झाला.

तेव्हा खेळाची सूत्रे सांभाळणारा रिअर अॅडमिरल उगाकी याने तो निकाल फिरविला. नऊचे तीन बाँब झाले. 'कागा' बुडाले, 'अकागी'ला थोडीच इजा झाली. आणि मोहिमेच्या पुढच्या टप्प्याचा डाव सुरू झाला, तेव्हा बुडालेले 'कागा'ही पुन्हा पाण्यावर तरंगताना दिसले. ही हकीकत ओकुमिया याने स्वतः, फुचिदा या वैमानिकाबरोबर युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकात दिली आहे. ४ जून रोजी मिडवेजवळ 'अकागी', 'कागा', 'सोर्यू' व 'हिर्यू' या चारही जहाजांवर बाँब पडले. चारही बुडाली. ती पुन्हा तरंगविण्याचा अधिकार कोणत्याही अॅडमिरलला नव्हता.

फाशांनी भविष्य सांगितले होते, असा याचा अर्थ नव्हे. डावातला हल्ला बेटावरच्या विमानांनी केला होता. प्रत्यक्षात प्राणघातक बाँब पडले ते शत्रूच्या विमानवाहू जहाजांवरून उडालेल्या विमानांतून. फाशांनी उत्तर दिले नव्हते, केवळ एक प्रश्न विचारला होता: आपली विमाने बेटावर गुंतलेली असताना शत्रू आपल्या जहाजांवर आला तर? निकाल पुसण्यात आला आणि त्याबरोबर प्रश्नही पुसला गेला.

चतुरंगापासून निघालेल्या या खेळाने प्रवासात पुष्कळ कमावले. नदी, डोंगर, रसद, अंधार, दैव, थकवा, सारे त्याच्या मेजावर आले आणि युद्धाचे चित्र खऱ्याच्या जवळ गेले. परंतु चौसष्ट घरांच्या पटावर जे फुकट मिळत होते, ते येथे कष्टाने राखावे लागते. तेथे मेलेले प्यादे मेलेलेच राही, कारण सर्वांचे डोळे त्याच्यावर असत. येथे ते तसेच राहू देण्यासाठी पंच निर्भय लागतो, आणि त्याचा नकोसा निकाल ऐकून घेणारा सेनापती त्याहूनही मोठ्या मनाचा लागतो. नियम कितीही बारकाईने लिहिले, नकाशा कितीही अचूक काढला, तरी हे दोघे नसतील तर मेजावर उरतात ते केवळ रंगविलेले ठोकळे.